नळीनं जेवणाऱ्याचे दात कशाला घासायचे?

पत्र: आमच्या धर्मादाय रुग्णालयात दीर्घकाळ राहणाऱ्या रुग्णांचा 30 खाटांचा वॉर्ड आहे आणि मी तिथली इनचार्ज सिस्टर. पक्षाघात, डोक्याला मार, मणक्याची दुखापत, स्मृतिभ्रंश अशा कारणांनी 19 रुग्ण पूर्णपणे आमच्यावर अवलंबून आहेत. त्यातल्या 11 जणांना राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी) आहे, तिघांना ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र करून बसवलेली नळी). रोज सकाळी मावशी चिमट्याला गॉज गुंडाळून बोरोग्लिसरीननं सगळ्यांची तोंडं पुसतात. चाळीस मिनिटांत आटपतं. तरीही वॉर्डात शिरलं की वास येतो, टाळूला खपल्या धरतात आणि गेल्या दोन महिन्यांत तिघांना न्यूमोनिया होऊन आयसीयूत हलवावं लागलं. ब्रश वापरा म्हटलं तर मावशी घाबरतात, कारण एकीच्या बोटाला रुग्ण चावला होता. नातेवाईक विचारतात, "ते तोंडानं जेवतच नाहीत, मग दात कशाला घासायचे?" नुसत्या क्लोरहेक्सिडीननं (तोंडासाठीच्या जंतुनाशक द्रावणानं) भागेल का? आणि एवढ्याच माणसांत हे बसवायचं कसं?

उत्तर: सिस्टर, आधी नातेवाइकांचा प्रश्न घेऊ, कारण तो मावशींच्याही मनात असणार. तोंडानं जेवणाऱ्याचं तोंड दिवसभर थोडंफार आपोआप साफ होत असतं. घास चावला की लाळ सुटते, जीभ या गालातून त्या गालात फिरते, गिळताना सगळं खाली जातं. नळी घातली की हे थांबतं. लाळ कमी आणि घट्ट होते, तोंड उघडं ठेवून श्वास चालत असेल तर सुकून टाळूला चिकटते, त्यात कफ आणि मेलेल्या पेशी अडकतात आणि तुम्ही म्हणता त्या खपल्या धरतात. म्हणजे नळीवाल्याचं तोंड जेवणाऱ्यापेक्षा लवकर घाण होतं. शिवाय त्याला नीट गिळता येत नाही म्हणूनच तर नळी घातलेली असते. नळीमुळं अन्नाची वाट बदलली, लाळेची तीच राहिली. झोपेत ती थेंबाथेंबानं श्वासनलिकेत उतरते आणि तोंडात जे काही वाढलंय ते सोबत घेऊन जाते.

गॉजनं का भागत नाही? दातांवरचा जिवाणूंचा थर हौदाच्या भिंतीवरच्या शेवाळासारखा असतो. पाणी बदललं तरी तो सुटत नाही, घासावा लागतो. गॉज दाताच्या पोटावरून फिरतो. हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेत आणि दोन दातांच्या फटीत तो शिरत नाही, आणि खरा साठा तिथेच असतो. त्यात बोरोग्लिसरीन. ग्लिसरीन ओलावा ओढून घेतं, त्यामुळं लावल्यावर थोडा वेळ तोंड ओलं दिसतं आणि मग आधीपेक्षा कोरडं पडतं. त्यातलं बोरिक अ‍ॅसिड पोटात जाण्यासाठी नसतं आणि तुमच्या रुग्णांना तर थुंकता येत नाही. काही ठिकाणी त्याऐवजी लिंबू-ग्लिसरीन लावतात, पण त्यातलं आम्ल दातांवरचं इनॅमल झिजवतं. बोरोग्लिसरीनची बाटली उद्याच ट्रॉलीवरून खाली उतरवा. एकच वाटी सगळ्या खाटांवर फिरवणंही त्याच दिवशी बंद.

क्लोरहेक्सिडीनचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर गेल्या काही वर्षांत बदललंय. पूर्वी आयसीयूत ते सरसकट वापरलं जायचं. अमेरिकेतल्या रुग्णालय-संसर्ग तज्ज्ञांच्या 2022 च्या शिफारशींत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी रोज ब्रश करणं हे आवश्यक कामांत आलं आणि क्लोरहेक्सिडीन 'सहसा वापरू नये' या रकान्यात गेलं. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेल्या एका पाहणीचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. प्रत्येक जेवणानंतर कर्मचाऱ्यांनी ब्रश केलेल्या आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्यानं सफाई केलेल्या गटात न्यूमोनिया 11 टक्के लोकांना झाला, बाकीच्यांत 19 टक्के. ज्यांच्या तोंडात एकही दात नव्हता त्यांनाही फायदा झाला. दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात 36 नर्सिंग होममध्ये ब्रश, क्लोरहेक्सिडीन आणि जेवताना ताठ बसवणं असं तिन्ही करून पाहिलं, 2015 मध्ये निष्कर्ष आले आणि न्यूमोनियात म्हणावा असा फरक पडला नव्हता. तेव्हा ब्रश केला की न्यूमोनिया बंद, असं डॉक्टरांना किंवा ट्रस्टला सांगू नका. वास, रक्त, दुखणं, खपल्या आणि बुरशी मात्र नक्की कमी होते आणि तेवढ्यासाठीही हे करण्यासारखं आहे. क्लोरहेक्सिडीन 0.2 टक्के दंतवैद्यानं सांगितलं तर एक-दोन आठवडे, ब्रशच्या टोकाला लावून. थुंकता न येणाऱ्याच्या तोंडात ते ओतायचं नाही. टूथपेस्टनंतर अर्धा तास तरी जाऊ द्यावा, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यामुळं त्याचा जोर जातो. महिनोन् महिने वापरलं तर दात चहासारखे तपकिरी होतात.

आता सामान. प्रत्येक रुग्णाला नावाचा स्वतंत्र ब्रश हवा, लहान मुलांचा, छोट्या डोक्याचा, मऊ केसांचा. तो तीसेक रुपयांत मिळतो आणि साधारण दर तीन महिन्यांनी बदलावा लागतो, बुरशी होऊन गेली असेल तर लगेच. ब्रश खाटेजवळ उघड्या ग्लासात, डोकं वर करून ठेवा. प्लास्टिकच्या टोपीत किंवा पिशवीत तो ओला राहतो आणि त्यावरच जिवाणू वाढतात. सगळे ब्रश सॅव्हलॉनच्या एका भांड्यात बुडवून ठेवण्याची पद्धत काही वॉर्डांत दिसते, ती नको. याशिवाय टॉर्च, किडनी ट्रे, दोन ग्लास पाणी, गॉज, टॉवेल, हातमोजे, मास्क आणि सक्शन (लाळ-घाण ओढून घेणारं यंत्र). पाण्याचे ग्लास दोन यासाठी की एकात ब्रश खळखळून धुवायचा आणि दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी तोंडासाठी. पेस्ट फ्लोराइडची, तांदळाच्या दाण्याएवढी. ज्याला अजिबात थुंकता येत नाही आणि ज्याच्याजवळ सक्शनही नाही त्याला पेस्टच नको, ओला ब्रश पुरे. फेस झाला की आतलं दिसत नाही, लाळ वाढते आणि ठसका लागतो. घासण्याचं काम ब्रशचे केस करतात. तोंड ओलं करायला 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 1 चमचा मीठ आणि 1 चमचा खायचा सोडा घाला. हे पाणी रोज ताजं करायचं.

वेळ ठरवताना फीडचं (नळीतून द्यायच्या पातळ अन्नाचं) वेळापत्रक समोर ठेवा. ट्यूबमधून फीड दिल्यावर निदान तासभर तोंडात ब्रश घालायचा नाही, उलटीची उबळ आली तर ते सगळं छातीत जाईल. तुमच्याकडे दोन-दोन तासांनी फीड असेल तर पुढच्या फीडच्या आधीचा अर्धा तास हीच ब्रशची वेळ. पंपावर सतत फीड चालू असलेल्यांचं फीड किती आधी बंद करायचं ते डॉक्टरांशी ठरवा. तोंडानं जेवणाऱ्यांचं उलट. त्यांना जेवणानंतर तसंही अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, त्यात ब्रश उरकतो आणि गालात दडलेला घासही सापडतो.

पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर आणि हनुवटी किंचित छातीकडे. डोकं मागे टाकून तोंड उघडायचं नाही, तसं केलं की घशाची वाट सरळ श्वासनलिकेकडे मोकळी होते. पलंगाचा दांडा फिरत नसेल (आणि डोक्याकडची बाजू वर करता येणाऱ्या जुन्या फाउलर खाटांचा तो हमखास अडलेला असतो) तर कुशीवर घ्या. पक्षाघाताच्या रुग्णाची लुळी बाजू वर, चांगली बाजू खाली, तोंडाखाली टॉवेल आणि किडनी ट्रे. लुळ्या बाजूच्या गालाला काही कळत नाही, म्हणून पाणी तिथे साचलं तर त्याला ना जाणवतं ना गिळता येतं. ब्रश करणाऱ्यानं उभं राहून वरून हात घालू नये. स्टूल घेऊन रुग्णाच्या डोळ्यांच्या उंचीला बसावं.

आत शिरण्याआधी बोला. बेशुद्ध दिसणाऱ्याशीही बोला. हात थेट तोंडाला न लावता खांदा, गाल, मग ओठ असा न्या. ओठ कोरडे असतील तर आधी ओले करा, नाहीतर ताणले की चिरतात आणि पुढच्या वेळी तो तोंड मिटून घेतो. टॉर्चनं आत बघा: सैल दात, जखम, पांढरे चट्टे, गालात अडकलेली गोळी. मग सक्शन करून आधीची लाळ काढा. ब्रश ओला करून नीट झटकायचा किंवा गॉजवर टिपायचा, टपटपता ब्रश आत न्यायचा नाही. केस हिरडीच्या कडेला 45 अंशात टेकवून एका वेळी दोन दात, बारीक थरथर. सुरुवात बाहेरच्या बाजूनं करा, कारण ती सहन होते. आतली बाजू आणि चावण्याची बाजू नंतर. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला किटण सगळ्यात जास्त धरतं आणि तिथेच सगळे घाई करतात. दोन-तीन दात झाले की ब्रश धुवा, झटका, तोंड गॉजनं टिपा किंवा सक्शन करा, पुन्हा पुढे. चूळ भरायची नसते, त्यामुळं सुटलेली घाण बाहेर काढणं हे अर्धं काम आहे. नुसतं घासून सोडून दिलं तर चिकटून बसलेले जिवाणू मोकळे करून लाळेत सोडल्यासारखं होतं. शेवटी जीभ, त्याच ब्रशनं, मागून पुढे, हलक्या हातानं. मागचा तिसरा हिस्सा सोडा, तिथे उबळ येते. पत्र्याची जिभली या रुग्णांना नको.

खोकला, घोगरा ओला आवाज, रंग बदलणं किंवा ऑक्सिमीटरचा आकडा खाली येणं, यांपैकी काही झालं की थांबायचं, सक्शन करायचं आणि बसवायचं. आणखी एक मुद्दा: हिरडीतून रक्त आलं की बहुतेक ठिकाणी ब्रश बंद होतो. ते रक्त बहुधा सुजलेल्या हिरडीचं असतं आणि सूज थर साचल्यामुळं आलेली असते. मऊ ब्रशनं रोज केलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी होतं. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशा रक्ताची गुठळी रोखणाऱ्या औषधांवर असलेल्यांचंही हेच. प्लेटलेट्स 50 हजारांखाली असतील किंवा रक्त थांबतच नसेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

टाळूच्या खपल्या ओढून काढायच्या नाहीत. खाली कच्ची त्वचा असते, रक्त येतं आणि त्या रक्ताची नवी खपली धरते. मिठा-सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळलेला गॉज पाच-दहा मिनिटं धरा, किंवा पाण्याच्या आधाराचं जेल पातळ लावून थांबा. या वेळात बाकीचे दात करून घ्या. कड सुटली की मागून पुढे सरकवत काढा आणि सुटलेला तुकडा लगेच सक्शननं किंवा बोटाच्या गॉजनं पकडा. घशात पडलेली सुकी खपली श्वास अडवू शकते. एका बैठकीत सगळं निघणार नाही, तीन-चार दिवस लागतात. त्यानंतर तोंडानं श्वास घेणाऱ्यांचं तोंड दर दोन तासांनी, कूस बदलताना, ओल्या गॉजनं किंवा स्प्रेनं ओलं करायचं. कूस बदलण्याचा तक्ता तुमच्याकडे असणारच, त्यालाच एक रकाना जोडा.

चावण्याबद्दल. बहुतेक वेळा तो राग नसतो. दातांना काही लागलं की जबडा आपोआप मिटतो, आणि ओढलं की आणखी घट्ट. म्हणून ब्रश अडकला तर ओढायचा नाही. हात सैल सोडा, जबड्याच्या सांध्याजवळ गालावरून गोल चोळा आणि थांबा, स्नायू थकून सैल होतात. बोट कधीच दातांच्या मध्ये जाऊ द्यायचं नाही. गाल आणि दात यांच्यामधल्या पोकळीत ते सुरक्षित असतं; तिथून मागे सरकून शेवटच्या दाढेच्या मागच्या हिरडीवर हलका दाब दिला तर बऱ्याच जणांचा जबडा उघडतो. उघडा ठेवायला जाड दांड्याचा दुसरा ब्रश दाढांमध्ये आडवा धरा, किंवा दोन लाकडी स्पॅच्युला (जीभ दाबायच्या पट्ट्या) एकत्र करून त्यावर गॉज आणि चिकटपट्टी गुंडाळा. धातूचा चमचा घालायचा नाही, दात तुटतो. सुपारी-गुटख्यामुळं तोंड मुळातच दोन बोटंही उघडत नाही असे रुग्ण आपल्याकडे खूप असतात. त्यांच्यावर जोर करू नका, बाहेरच्या बाजूंनीच साफ करा. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण हात झटकत असेल तर अर्ध्या तासानं दुसऱ्या मावशीला पाठवा. ब्रश त्याच्याच हातात देऊन वर आपला हात ठेवला तर कित्येकदा हाताची जुनी सवय जागी होते.

आणि मावशींच्या भीतीला कारण आहे हे मान्य करा. चावून रक्त निघालं तर साबण-पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टरांकडे. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलं तर ते शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. हिपॅटायटिस बीची लस (तीन डोस: आज, 1 महिन्यानं, 6 महिन्यांनी) नर्सना मिळते आणि कंत्राटी मावशी-मामा राहून जातात. ब्रश हातात देण्याआधी लस कुणाकुणाला मिळाली ती यादी तपासा.

ट्रॅकिओस्टॉमीच्या तिघांचं काम मावशींवर सोडू नका, ते नर्सनं करावं. कफ (नळीभोवतीचा हवेचा फुगा, खोकल्यातला कफ नव्हे) असलेली नळी असेल तर ब्रशआधी तो फुगलेला आहे का बघा (दाब 20 ते 30 सेंमी पाणी), आणि आधी व नंतर तोंड-घशाचं सक्शन करा. फुलरच्या धातूच्या नळीला कफ नसतोच, तिथे जवळजवळ कोरडा ब्रश आणि सतत सक्शन.

कवळी रात्री काढायचीच. पेस्टनं घासली तर चरे पडतात, म्हणून साधा साबण आणि ब्रश, गरम पाणी नाही, आणि खाली पाणी भरलेलं भांडं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. नाव लिहिलेल्या डबीत पाण्यात ठेवा. उशीवर किंवा गॉजमध्ये ठेवलेली कवळी चादरीबरोबर धोब्याकडे जाते. गुंगीतल्या रुग्णाच्या तोंडात एक-दोन दातांची छोटी कवळी राहू देऊ नका, ती घशात जाते.

डॉक्टरांना कधी बोलवायचं ते भिंतीवर लावा. दह्यासारखे पांढरे थर, जे पुसले की खाली लाल दिसतं, ती बुरशी. मात्र रुग्ण वॉरफेरिन किंवा एसिट्रॉम या रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असेल तर बुरशीवरचं मायकोनॅझोल जेल विचारल्याशिवाय लावू नका, रक्त धोकादायक इतकं पातळ होतं. मधुमेहीच्या टाळूवर काळा डाग दिसला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ; 2021 मध्ये म्युकरमायकोसिसनं (काळ्या बुरशीनं) काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा न पुसला जाणारा पांढरा चट्टा, विशेषतः तंबाखू-मिश्रीवाल्यांत, तपासायलाच हवा. फिट्ससाठी फेनिटॉइन आणि रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या हिरड्या फुगून दातांवर चढू शकतात. सैल दात आपोआप पडण्याची वाट बघू नका. जवळच्या दंत महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्राचा विभाग असतो, त्यांना महिन्यातून एकदा खाटेपाशी येण्याचं पत्र द्या.

आता माणसांचा हिशेब. तोंड एकदा ताळ्यावर आलं की एका रुग्णाला 5 ते 6 मिनिटं लागतात. 19 रुग्ण म्हणजे साधारण दोन तास, दोघींत वाटले तर एकेक तास. दोन वेळा करायचं तर सकाळची फेरी स्पंजिंगला जोडा आणि संध्याकाळची 8 च्या हँडओव्हरआधी (पाळी बदलण्याआधी) संपवा. एकच वेळ जमत असेल तर संध्याकाळची ठेवा, कारण झोपेत लाळ आणखी कमी होते आणि गिळणंही. पहिल्या दिवसापासून 19 जण धरू नका. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला 15 मिनिटं जातात, तेव्हा पाच जण घ्या, नळीवाले आधी. ज्यांचा एक हात चालतो त्यांच्या ब्रशच्या दांड्याला जुनं बँडेज गुंडाळून जाड करा आणि ब्रश त्यांच्याच हातात द्या, नंतर आपण एकदा फिरवायचा. केसपेपरवर 'माउथ केअर दिली' असं न लिहिता काय दिसलं ते लिहा: 'डाव्या गालात अन्न, खालची हिरडी रक्ताळते'.

नातेवाइकांना हाताशी धरा, पण काही गोष्टी स्पष्ट सांगा. जिभेवर मध नको, दात किडतात. तोंडात तूप-तेल नको, गिळता न येणाऱ्याच्या फुप्फुसात ते उतरतं आणि तिथून निघत नाही. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांनाही तेल-व्हॅसलीन नको, पाण्याच्या आधाराचं जेल लावा. अंगारा कपाळाला लावा, तोंडात नको. आणि आजीला सवय आहे म्हणून घरून मिश्रीची डबी येते, ती परत पाठवताना हसू नका: ती अचानक बंद झाली की चिडचिड वाढते आणि आजी ब्रशवरच राग काढते. डॉक्टरांना ते कळलेलं बरं.

सुधारणा मोजायची तर न्यूमोनियाचे आकडे महिन्या-महिन्याला बघू नका. 19 माणसांत ते नशिबानंही वरखाली होतात, त्यासाठी वर्षभराची नोंद हवी. त्याऐवजी दर सोमवारी कोणतेही पाच रुग्ण निवडून टॉर्चनं बघा. ऑस्ट्रेलियात वापरात आलेल्या एका तक्त्यात ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणं अशा आठ बाबींना 0 ते 2 गुण देतात, जास्तीत जास्त 16. गुण जितके जास्त तितकं तोंड वाईट. पहिली मोजणी ब्रश सुरू करण्याच्या आदल्या दिवशी करा, आणि ती तुम्ही स्वतः करा.